दोन स्टॉपचं अंतर

"आईला विचारायचं नाही. सांगायचं," ताई दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबून म्हणाली. तिला धाप लागली होती, पण आपण थांबलो ते धाकट्या भावाला बजावण्यासाठी, असा तिने आव आणला.

"सांग ना तूच," पान्या म्हणाला. "मी फक्त सामान उचलायला आलोय."

त्याचं खरं नाव घरात कुणी घेत नसे. तीन वर्षांचा असताना तो हातात पाना घेऊन झोपायचा, तेव्हापासून पान्या. आता तो पंचेचाळिशीचा होता. शहरातल्या तीनेकशे लिफ्ट त्याच्या हाताखालून गेल्या होत्या आणि त्याची स्वतःची आई चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत राहत होती. या गोष्टीवर हसून घरातले सगळे कंटाळले होते. पान्या नव्हता कंटाळला.

"दात काढू नकोस. याच पायरीवर बसून होती ती तीन आठवड्यांपूर्वी. ओठ निळे पडले होते."

"पाच मिनिटं बसली. मग उठून वर गेली. भाजीची पिशवीसुद्धा कुणाला धरू दिली नाही."

"फुप्फुसं साठ टक्के चालतात म्हणाले डॉक्टर. साठ!"

"आमच्या शाळेत साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास होता, ताई."

ताईने त्याच्याकडे असं बघितलं की तो निमूट पुढे चालू लागला. तिच्या काखेत निळी फाइल होती. आयुर्विमा कंपनीत सव्वीस वर्षं काढलेल्या बाईला माणसाच्या आयुष्याची लांबी रोज नजरेखालून घालावी लागते. कुठल्या वस्तीतला माणूस साधारण किती जगतो, याचे तक्तेच होते तिच्याकडे. आईच्या चौकातली माणसं ताईच्या बंगल्याच्या वसाहतीतल्या माणसांपेक्षा सरासरी सहा वर्षं आधी जात होती. सहा वर्षं! आपली आई आणि ती सहा वर्षं यांच्यामध्ये कुणीतरी उभं राहायला हवं होतं, आणि ते काम नेहमीप्रमाणे आपल्यावरच आलंय, अशी ताईची खात्री होती.

शिवाय घरातली जुनी गोष्ट होतीच. आईचे वडील शहरात आले, रंगाच्या कारखान्यात लागले आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांचे थोरले भाऊ गाव सोडून हलले नाहीत, ते एक्क्याण्णव वर्षं जगले. घरातल्या प्रत्येक पोराने हे आकडे पाढ्यांसारखे पाठ केले होते. वडील गेल्यावर आजी बारा वर्षांच्या मुलाला घेऊन गावी परतली, सतरा वर्षांची मुलगी मात्र हट्टाने शहरात राहिली. तो मुलगा म्हणजे मामा, आज आपल्या बहिणीला न्यायला आलेला. आणि ती मुलगी वर दार उघडं टाकून ओरडत होती, "अगं, चहा गार होतोय! जिन्यात कसली सभा भरवलीय?"

*

सूनबाई सकाळपासूनच सासूबाईंकडे होती. ही पान्याची बायको महापालिकेच्या हवा तपासणी खात्यात होती. पुस्तकाएवढं एक यंत्र घेऊन ती शहरभर फिरायची आणि कुठे किती धूर, किती धूळ, याच्या नोंदी करायची. आज ताईच्या सांगण्यावरून तिने ते यंत्र इथे आणलं होतं. आकडे कुणाच्या बाजूने पडणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच तिला चहा गोड लागत नव्हता.

घर म्हणजे दोन खोल्या आणि मध्ये स्वयंपाकघर. पुढच्या खोलीची खिडकी थेट चौकावर. खिडकीला लागून आईचा, म्हणजे अक्कांचा पलंग, पलंगावर उशी, उशीला टेकून स्वतः अक्का. वय शहात्तर. एकतीस वर्षं शहराच्या बसमध्ये कंडक्टर होत्या. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी खालून जाणाऱ्या प्रत्येक बसचा नंबर त्या न बघता, नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून सांगत. चौकात थांबलेले जुने ड्रायव्हर वर बघून हात करत. अक्का हात करून उत्तर देत, आणि त्यातच त्यांचा दिवस भरगच्च जाई.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर मामा बसले होते. पहाटेच्या गाडीने आले होते. उंच, रुंद, उन्हाने रापलेले. गावाकडे त्यांच्या मधमाश्यांच्या साठ पेट्या होत्या. येताना मधाच्या चार बरण्या आणल्या होत्या आणि त्या स्वतःच चार मजले चढवल्या होत्या. तेव्हापासून ते फारसं बोलले नव्हते. मुळात मितभाषी माणूस, म्हणून कुणाला काही वाटलं नाही.

ताईने फाइल उघडली. "आई, हे बघ. आम्ही सगळ्यांनी विचार केलाय—"

"सगळ्यांनी?" अक्कांनी विचारलं. "पान्याने विचार केला? कधी?"

"मी अनुमोदन दिलं," पान्या बिस्कीट बुडवत म्हणाला.

"आई, थट्टा नको. मामांकडे मागची मोठी खोली रिकामी आहे. झाडं, मोकळी हवा, शांतता. इथे तू दिवसभर या खिडकीत बसून धूर गिळतेस. वहिनी, तो आकडा सांगा त्यांना."

सगळ्यांच्या नजरा सूनबाईकडे वळल्या. तिने खिडकीच्या कठड्यावरचं यंत्र उचललं.

"एकशे अडतीस."

"म्हणजे किती रुपये?" अक्का म्हणाल्या.

"आई, पन्नासच्या आत असेल तर बरं समजतात. शंभरच्या पुढे वाईट."

"ऐकलंस?" ताई म्हणाली.

"ऐकलं. हिचं यंत्र काल खाली चौकात ठेवलं असतं तर दोनशे आलं असतं. आणि मी एकतीस वर्षं त्या चौकातनं दिवसाला बावीस फेऱ्या मारल्या. मग मी मेले का नाही गं?"

"म्हणूनच तर साठ टक्के—"

"इथल्या मागच्या खोलीत छप्पन्न आहे," सूनबाई मध्येच म्हणाली.

ताई थांबली. "काय?"

"शाळेच्या मैदानाकडे खिडकी आहे ना, तिथे. सकाळी दोनदा मोजलं मी. एकदा छप्पन्न, एकदा एकोणपन्नास." सूनबाईने घसा साफ केला. नणंदेच्या विरोधात बोलण्याची ही लग्नानंतरची तिसरी वेळ होती, आणि आधीच्या दोन्ही वेळा तिला चांगल्या लक्षात होत्या. "आईंना गावी पाठवण्याआधी पलंग बारा पावलं आत नेऊन बघायला काय हरकत आहे, एवढंच म्हणते."

"वहिनी, तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?"

"मी यंत्राच्या बाजूने आहे, ताई."

पान्या बायकोकडे बघतच राहिला. मग त्याने बिस्कीट खाली ठेवलं. "पलंगाला चार बोल्ट आहेत. वीस मिनिटांचं काम."

"तू अनुमोदन दिलं होतंस!"

"मागे घेतलं."

"मागच्या खोलीत मी जाणार नाही," अक्का म्हणाल्या. आता सगळेच त्यांच्याकडे वळले. "तिथून काय दिसतं? भिंत, एक चिंचोक्याएवढं झाड आणि शाळेची घंटा. माणूस दिसत नाही एक. त्या खोलीत मी छप्पन्न आकड्याची हवा खाऊन शंभर वर्षं जगेन आणि पहिल्याच महिन्यात कंटाळून मरेन."

"बघा!" ताई म्हणाली. "मागच्या खोलीतही नाही, गावीही नाही. हिला फक्त नाही म्हणायचंय. मामा, तुम्ही तरी सांगा. आजोबा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले आणि थोरले आजोबा एक्क्याण्णव वर्षं जगले, हे खरं की नाही?"

मामांनी मान वर केली. "हं," ते म्हणाले. "ते... तसं म्हणतात खरं."

"म्हणतात?"

"नंतर बोलू," मामा म्हणाले आणि रुमालाने कपाळ टिपू लागले.

*

अक्कांचं लेकीच्या फाइलकडे लक्ष नव्हतं. त्या मघापासून भावाकडे बघत होत्या.

कंडक्टर म्हणजे फक्त तिकीट फाडणारा माणूस नव्हे. एकतीस वर्षांत अक्कांनी लाखो चेहरे बघितले होते. कोण बिनतिकीट चढलाय, कोण खिसा कापायला चढलाय, कुणाला उलटी होणार आहे आणि कोण पुढच्या वळणाला चक्कर येऊन पडणार आहे, हे त्यांना आधी कळे. पडणाऱ्या माणसाचा चेहरा वेगळा असतो. रापलेल्या कातडीखालून राखेसारखा रंग वर येतो. माणूस बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो, पण त्याला ऐकू आतलं काहीतरी येत असतं.

भावाने डावा हात मांडीवर ठेवला होता आणि उजव्या हाताने तो दाबत होता. जबडा आवळला होता. खोलीत पंखा होता, आणि त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता.

"...आणि रात्री बारा वाजेपर्यंत हॉर्न," ताई सांगत होती, "झोप नाही, म्हणजे रक्तदाब आला, म्हणजे—"

"गप," अक्का म्हणाल्या.

"आई, तू मला गप म्हणून—"

"सगळे गप!" अक्का पलंगावरून उतरून भावापाशी गेल्या. "छातीत दुखतंय?"

"नाही गं. जरासं... बरण्या चढवल्या ना, त्यानं..."

"हातात येतंय? जबड्यात?"

मामांनी बहिणीकडे बघितलं, आणि बारा वर्षांच्या मुलाचा चेहरा अक्कांना साठ वर्षांनी पुन्हा दिसला.

"सूनबाई, फोन लाव. पान्या, ती हाताची खुर्ची आण. ताई, शर्टाची बटणं काढ त्याची. उठू नकोस रे तू. एक पाऊल टाकायचं नाही."

सूनबाईने फोन लावला, पलीकडून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली, सांगितल्याप्रमाणे अक्कांच्याच औषधांच्या डब्यातली अॅस्पिरिनची गोळी मामांना चावायला दिली. मग तिचा चेहरा पडला. "रुग्णवाहिका शहराच्या दुसऱ्या टोकाहून निघतेय, पण चौकात पाइपलाइन फुटलीय. तिन्ही बाजूंनी गाड्या अडकल्यात. पंचवीस मिनिटं तरी म्हणतायत."

"माझी गाडी आहे खाली!" ताई म्हणाली.

"त्याच गर्दीत अडकेल ती," अक्का म्हणाल्या. त्यांनी खिडकीतून खाली बघितलं. गाड्यांना गाड्या चिकटल्या होत्या. पण कडेला, पिवळ्या पट्ट्यापलीकडे, बसची मार्गिका होती. ती मोकळी होती. आणि लांबून एक ओळखीचं इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये घरघरत येत होतं.

"हॉस्पिटल दोन स्टॉपवर आहे," अक्का म्हणाल्या. "खुर्चीसकट खाली आणा त्याला. मी बस थांबवते."

"आई, जिना—"

पण अक्का गेल्यासुद्धा. उतरायला दम लागत नाही, असं त्या नेहमी म्हणत.

*

त्या सकाळी बस चालवत होती ती मुलगी चार वर्षांपूर्वी डेपोत लागली होती, आणि चौकातून जाताना तीही अक्कांना हात करायची. तिला स्टॉपच्या अलीकडेच, मार्गिकेच्या मधोमध, दोन्ही हात पसरून उभी असलेली म्हातारी दिसली. तिने करकचून ब्रेक मारला, शिवी तोंडात आली, आणि चेहरा ओळखून ती शिवी तिने गिळली.

"अक्का! मरायचंय का?"

"मला नाही. माझ्या भावाला. आणि त्यालाही नाही मरू द्यायचं. हार्ट अटॅक. हॉस्पिटलच्या दारात नेऊन सोड."

"अक्का, माझा रूट डावीकडे वळतो."

"आज सरळ जातो."

मुलीने क्षणभर विचार केला. मग रेडिओ उचलून डेपोला सांगितलं, "रूट बदलतेय, पेशंट आहे," आणि पलीकडून काय उत्तर येतंय ते ऐकायच्या आत रेडिओ ठेवून दिला.

पान्याने पुढून आणि तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्याने मागून धरलेली खुर्ची इमारतीतून बाहेर आली. खुर्चीत मामा, त्यांचा हात धरून सूनबाई, मागे फाइल छातीशी घट्ट धरलेली ताई. बसमध्ये तीसेक माणसं होती.

"पुढे सरका!" अक्कांचा आवाज बसभर घुमला. त्या आवाजापुढे फुप्फुसांचे टक्के कुणी विचारले नसते. "मधली जागा मोकळी करा! ओ टोपीवाले, पाय आत! बाई, ती पिशवी मांडीवर घ्या. हं, आणा, आणा आत."

"अहो, माझा स्टॉप डावीकडे आहे," एक गृहस्थ म्हणाले.

"येताना सोडू. आज मोठी फेरी, तेवढ्याच तिकिटात."

कुणीतरी हसलं. एका मुलीने आपली पाण्याची बाटली पुढे केली, एकाने वर्तमानपत्राने मामांना वारा घालायला सुरुवात केली. ज्यांना डावीकडे वळायचं होतं ते गृहस्थच दाराशी उभे राहून बाहेरच्या मोटारसायकलवाल्यांना हातवारे करून हाकलू लागले. अक्कांनी वरची घंटेची दोरी दोनदा ओढली. या नव्या बसला दोरी नव्हतीच, त्यांचा हात नुसता हवेत गेला, पण ड्रायव्हर मुलीने आरशात बघितलं आणि बस सुटली.

दोन स्टॉप. सहा मिनिटं. अक्का भावाच्या खुर्चीला धरून उभ्या होत्या आणि सबंध वाटेत बोलत होत्या. "हे बघ, हे टपाल ऑफिस. आठवतं? इथे तुझी टोपी उडाली होती. झोपायचं नाही, माझ्याकडे बघ. हा पूल. पुलानंतर डावीकडे दार. आलंच."

"अक्का," मामा पुटपुटले, "तिकीट काढलं नाही मी."

"दंड करीन नंतर," अक्का म्हणाल्या. तेव्हा कुठे त्यांचा आवाज किंचित फाटला.

*

ताई हृदयविभागाच्या बाहेरच्या बाकावर बसली होती. पान्या आणि सूनबाई अर्ज भरायला गेले होते. शेजारी आई. अक्का आता खरोखरच धापा टाकत होत्या. एका नर्सने त्यांना तपासून, वाफारा देऊन इथे बसवलं होतं.

"पोहोचलो वेळेत," ताई म्हणाली. तिसऱ्यांदा.

"हं."

"त्यांच्या गावात असतं तर..."

"डॉक्टर मंगळवारी येतो तिथे. आज शनिवार." अक्का समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. "याच इमारतीत तू झालीस. पलीकडच्या बाजूला. सातव्या महिन्यात. मूठभर होतीस. एकवीस दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं तुला. मी आणि तुझे बाबा काचेला नाक लावून उभे असायचो."

"माहिती आहे, आई. शंभरदा सांगितलंस."

"त्याच वर्षी तुझ्या मामीचंही असंच झालं. तिलाही सातवाच. ते नाही सांगितलं कधी. गाडी मिळून तालुक्याला पोचेपर्यंत सकाळ झाली. मुलगा होता." अक्कांनी पदराने नाक पुसलं. "मामा तुला बघायला आला होता. पेटीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, अक्का, तू इथे राहिलीस ते बरं केलंस. त्यानंतर आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही."

ताईने फाइल मांडीवरून बाजूच्या बाकावर ठेवली. सव्वीस वर्षं ती आकडे बघत आली होती. ज्या रकान्यात आपण स्वतः आहोत, तो तिने कधी बघितला नव्हता. तिने आईचा हात हातात घेतला.

दार उघडलं. तरुण डॉक्टर बाहेर आली, टोपी काढत. "ब्लॉक काढला. जाळी बसवली. बरे आहेत ते, बोलतायत. अर्धा तास उशीर झाला असता तर मी हे इतक्या सहज सांगू शकले नसते. बसने आणलंत म्हणे?"

"सतरा नंबर," अक्का म्हणाल्या.

मग रडणं-हसणं एकत्रच सुरू झालं. त्यात ताईला उठताना गरगरलं. नर्सने तिला परत बाकावर बसवलं, दंडाला पट्टा गुंडाळला आणि आकडा बघून भुवया उंचावल्या. पुन्हा बघितलं. "तुम्ही गोळी घेता का कसली?"

"मी? छे. मी चांगल्या हवेत राहते."

"दिवसाला किती चालता?"

"दारातून गाडीपर्यंत," अर्ज भरून आलेला पान्या म्हणाला. "आणि गाडीतून लिफ्टपर्यंत. तिच्या ऑफिसची लिफ्ट मीच सांभाळतो, दुसऱ्या मजल्यासाठीसुद्धा बटण दाबते ती."

"दीड तास जायला, दीड तास यायला लागतो मला," ताई ठसक्यात म्हणाली. "चालणार कधी?" आणि स्वतःचंच वाक्य कानावर पडल्यावर ती दंडावरच्या पट्ट्याकडे बघू लागली.

नर्सने मग सगळ्यांचेच दंड बांधून बघितले. पान्याचा ठीक. सूनबाईचा ठीक. सगळ्यात उत्तम रक्तदाब अक्कांचा निघाला.

"चार मजले," अक्का नम्रपणे म्हणाल्या.

"आई, फुप्फुसांचं काय?" सूनबाई म्हणाली. आज तिला धीर चढला होता. "एकशे अडतीस खोटं नाही. पायांना चार मजले चांगले आहेत, पण छातीला ती खिडकी चांगली नाही. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी खिडकी बंद ठेवायची, आणि झोपायचं मागे. बाकीच्या वेळी बसा हवं तेवढं. ऐकणार असाल तर सांगते, नाहीतर ताईंना फाइल परत उघडायला सांगते."

अक्कांनी सुनेकडे नव्याने बघितलं. "ही अशी बोलायला कधी लागली?"

"आज सकाळपासून," पान्या म्हणाला. त्याचा ऊर अभिमानाने भरून आला होता.

"बोल्ट सोडव मग जाऊन," अक्का म्हणाल्या. "पण पलंग एकटाच जाईल. आरामखुर्ची खिडकीत राहील."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा उशांना टेकून बसले होते. खिडकीबाहेर शहर होतं, गजबजलेलं, हजार छपरांचं. नळ्या लावलेल्या हाताकडे ते कौतुकाने बघत होते, जणू कुणीतरी त्यांना नवं घड्याळ बांधलं होतं. चौघंही पलंगाभोवती होती.

"एक सांगायचंय," ते म्हणाले. "थोरल्या काकांचं."

"एक्क्याण्णव वर्षं," ताई म्हणाली.

"शहात्तर."

"काय?"

"गेल्या वर्षी गावच्या शाळेने जुनी रजिस्टरं बाहेर काढली. त्यात जन्मसाल सापडलं त्यांचं. वयाच्या साठीनंतर दर वर्षी ते दोन-दोन वर्षं वाढवून सांगायचे. मान मिळतो ना म्हाताऱ्याला. पुढची खुर्ची मिळते, पहिला चहा मिळतो. आणि तंबाखू दिवसाला पाव किलो. मी कुणाला बोललो नाही. उगाच कशाला घराण्याचा विक्रम मोडायचा?"

पान्या इतका हसला की पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटने विचारलं काय झालं, आणि त्यालाही सगळं सांगावं लागलं. ताईने तोंडावर हात ठेवला होता, पण तिचे खांदे हलत होते.

"म्हणजे बाबा," अक्का हळूच म्हणाल्या, "शहराने नाही गेले?"

"रंगाच्या पिंपात हात घालून गेले, अक्का. हातमोज्यांशिवाय. ते पिंप गावात असतं तरी गेलेच असते." मामा थांबले. "आणि आता दुसरं. आठ दिवस दुखत होतं मला."

ताईचा तोंडावरचा हात खाली आला.

"आठ दिवस?" ताई म्हणाली. "मामा! मग सांगितलं का नाही?"

"कसं सांगणार? तुझा फोन आला होता, आईला घेऊन जा म्हणून. म्हटलं, मी आजारी आहे कळलं तर हिला पाठवणार नाहीत." ते चादरीच्या सुरकुत्या नीट करू लागले. "तुझी मामी गेल्याला चार वर्षं झाली. हवा चांगली आहे तिकडे, खोटं नाही. पण पेट्या उघडायच्या, बंद करायच्या. माश्यांशी बोलून बोलून किती बोलणार? मागची खोली मी दोनदा रंगवली, अक्का. पहिला रंग तुला आवडणार नाही असं वाटलं, म्हणून परत."

अक्का उठल्या. पलंगाच्या कडेला बसल्या आणि भावाच्या डोक्यावर एक टपली मारली, अगदी हलकी.

"गाढवा. बहिणीला बोलवायचं तर पत्र टाकायचं. हार्ट अटॅक कशाला?"

मामांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते हसतही होते. यंत्रावरची रेघ उड्या मारू लागली. नर्स दारातून डोकावली. "अहो, हसवू नका त्यांना!"

"हे बघ," अक्का म्हणाल्या, "डिस्चार्ज मिळाला की तू पान्याकडे राहायचं दीड महिना. तिथे लिफ्ट आहे, आणि ती चालते, असं तो म्हणतो. मी रोज येईन. तुला चालायला लावीन. ताई पण येईल, शनिवार-रविवारी, तुझ्याबरोबर चालायला."

"मी?" ताई म्हणाली, आणि मग, "बरं."

"मग थंडी सुरू होईल. थंडीत इथला धूर खाली बसतो, वर जात नाही. सूनबाई, बरोबर?"

"बरोबर, आई. ते चार महिने सगळ्यात वाईट."

"ते चार महिने मी तुझ्याकडे. ऊन पडलं की मी परत इथे, आणि उन्हाळ्यात तू पेट्या शेजाऱ्यावर सोपवून माझ्याकडे. मागच्या खोलीत हवा चांगली आहे म्हणे."

मामांनी अक्कांचा हात घट्ट धरला. "नक्की येशील? शेवटच्या क्षणी नाही म्हणणार नाहीस?"

"मी?" अक्का ताठ बसल्या. "एकतीस वर्षांत माझी बस कधी उशिरा सुटली का?"

"रोज," ताई आणि पान्या एकदमच म्हणाले.